सतरा निरंक तक्ते

प्रति,
मा. समुपदेशन अधिकारी,
बालक-भेट विभाग, कुटुंब न्यायालय,
दुसरा मजला, खोली क्र. ७

विषय : मुलीच्या आईकडील संगतीविषयी मी केलेल्या तक्रारी मागे घेण्याबाबत, तसेच माझ्याविरुद्ध एक तक्रार दाखल करून घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. १३ जानेवारी (सोबत ४१ नोंदींची यादी)
२) माझा पुरवणी अर्ज दि. २४ फेब्रुवारी
३) आपले अंतरिम निर्देश दि. ३ मार्च
४) आपल्या कार्यालयातील शिपायाविरुद्धचा माझा अर्ज दि. १५ एप्रिल

महोदया,

१. मी खाली सही करणारा अर्जदार, सदर मुलीचा बाप. मुलगी नऊ वर्षांची असून चौथीत शिकते आणि माझ्याकडे राहते. तिची आई व मी दीड वर्षापासून वेगळे राहतो. आमच्यात ठरल्याप्रमाणे मुलगी दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहा वाजता आईकडे जात असे व रविवारी संध्याकाळी पाचला परत येत असे. आई एका लाँड्रीत कामाला आहे व त्याच दुकानाच्या माडीवर राहते. ‘जात असे’ असे भूतकाळात लिहावे लागत आहे, कारण माझ्या अर्जांवर विश्वास ठेवून आपण त्या भेटी थांबवल्या आणि आता आई-मुलीची भेट आपल्या कार्यालयातील काचेच्या खोलीत, शनिवारी अकरा ते एक एवढीच होते. दि. १२ मे रोजी आपण हीच व्यवस्था कायम करायची की नाही याचा निर्णय देणार आहात. त्यापूर्वी हा अर्ज वाचला जावा, ही कळकळीची विनंती. माझी फाईल आपल्या टेबलावरच्या इतर फायलींपेक्षा जाड आहे, हे मी पाहिले आहे. ती मीच जाड केली आहे.

२. माझे काम काय ते आधी सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यातून घडले. मी एका गोदामात आवक विभागात माल तपासनीस आहे. काचसामान व चिनीमातीची भांडी येतात. आलेली प्रत्येक पेटी उघडायची, पेंढ्यात हात घालून एकेक नग बाहेर काढायचा, उजेडासमोर धरायचा, नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा, मालासोबत आलेल्या चलनाशी ताडून पाहायचा आणि तक्त्यात तूटफूट लिहायची. काही तुटलेले नसेल तर शेऱ्याच्या रकान्यात ‘निरंक’ लिहून सही करायची. सतरा वर्षे मी हे डोळ्यांत तेल घालून केले. माझ्या हातून चिरलेली बशी पुढे गेल्याची एकही तक्रार नाही. याचा मला अभिमान होता. आता त्या अभिमानाचे काय करावे ते कळत नाही.

३. मागील ऑक्टोबरात मी मुलीसाठी एक तक्ता तयार केला. कार्यालयातलाच नमुना घेतला, फक्त ‘माल’ या शब्दाच्या जागी ‘मुलगी’ असे केले. रकाने असे : निघण्याची वेळ, परतण्याची वेळ, भेटलेल्या व्यक्ती, कानावर पडलेले नवीन शब्द, शिकलेल्या नवीन सवयी, शेरा, तपासणाऱ्याची सही. रविवारी पाच वाजता मुलगी दारात आली की मी तिला दाराच्या आतल्या बोळातल्या स्टुलावर बसवीत असे, दप्तर खाली ठेवायला लावीत असे आणि एकेक रकाना विचारीत असे. बूट काढण्याच्या आधी. हे पंधरा-वीस मिनिटे चाले. मी कधी तिच्यावर आवाज चढवला नाही, हे मी १३ जानेवारीच्या अर्जात मोठ्या तोऱ्यात नमूद केले होते. ते खरे आहे. आम्ही पेट्यांवरही आवाज चढवत नाही.

४. त्या तक्त्यांतून मी ४१ नोंदींची ती यादी काढली आणि आपल्याला सादर केली. लाँड्रीत डाग काढण्याचे काम करणारी एक वयस्क बाई आहे. दुकानातले सगळे तिला डागवाली मावशी म्हणतात. तिची संगत मुलीला बिघडवते, ती मोठ्याने हसते, शीळ घालते, तोंडाला येईल ते बोलते, मुलीला नावाने हाक न मारता ‘बुडबुडा’ म्हणते, असे माझे म्हणणे होते. आता ती यादी मी पुन्हा तपासली आहे. खरे तर सादर करण्याआधीच तपासायची होती. ४१ पैकी १६ प्रयोग माझे स्वतःचे आहेत. अनु. क्र. ९ ‘डोक्यावर मिरे वाटतोय’ आणि अनु. क्र. १४ ‘गेला उडत’ हे मी ट्रकवाल्यांशी फोनवर बोलताना रोज वापरतो. मुलीने ते स्वयंपाकघरात बसून ऐकले आणि मी ते लाँड्रीच्या माथी मारले. सहा प्रयोग माझ्या बहिणीचे, म्हणजे मुलीच्या आत्याचे आहेत. तिने यादी वाचून माझ्याशी बोलणे टाकले. तीन शाळेतून आलेले आहेत. बारांमध्ये वाईट काय होते ते मलाच आता सांगता येत नाही, उदाहरणार्थ, अनु. क्र. २७ ‘ओले कपडे झटकताना मोठ्याने हुश्श करते’. डागवाल्या मावशीचे म्हणता येतील असे चारच उरतात. त्यात एक शीळ आहे.

५. मग एवढी यादी का केली, असे आपण विचाराल. खरे कारण त्या ४१ नोंदींत नाही. ते लिहायला मला चार महिने लागले, म्हणून येथे सरळ लिहितो. सुरुवातीच्या रविवारी मुलगी परत येई ती हसत येई. अंगाला साबणाचा आणि गरम कपड्यांचा वास असे. मावशीने एका गिऱ्हाइकाच्या कोटातला डाग वास घेऊन कसा ओळखला, इस्त्रीची वाफ अचानक सुटून मांजर कसे उडाले, हे सांगताना ती बोळातच उड्या मारी. माझ्याकडे बारा-बारा दिवस राहून ती अशी कधी हसली नव्हती. मला ते सहन झाले नाही. मी तिला स्टुलावर बसवले. बाप म्हणून माझा जळफळाट झाला होता आणि मी त्याला काळजी असे नाव देऊन आवक क्रमांक पाडून घेतला.

६. १३ जानेवारीचा अर्ज दिला त्या आठवड्यात मी मुलीला समोर बसवून सांगितले की, पुढच्या वेळी तक्ता निरंक आला तर बाबांना फार बरे वाटेल. २६ जानेवारीला ती परत आली. भेटलेल्या व्यक्ती : आई. नवीन शब्द : नाहीत. सवयी : नाहीत. मी ‘निरंक’ लिहून सही केली आणि तिच्या पाठीवर थाप मारून ‘शाबास’ म्हणालो. ९ फेब्रुवारीला निरंक. २३ फेब्रुवारीला निरंक. या तीन तक्त्यांच्या प्रती मी पुरवणी अर्जाला जोडल्या आणि लिहिले की, तक्रारीनंतर समोरच्या बाजूचे लोक सावध झाले, यावरून तक्रारीतील तथ्य सिद्ध होते. म्हणजे नोंदी आल्या तेव्हाही संगत वाईट आणि नोंदी थांबल्या तेव्हाही संगत वाईट. महोदया, आपण हा युक्तिवाद वाचताना चष्मा काढून डोळे चोळले होते. मी त्याचा अर्थ आपण दमला आहात असा घेतला.

७. त्याच पुरवणी अर्जातील मुख्य पुराव्याबद्दल आता खुलासा करतो. दि. २२ फेब्रुवारीला मुलीला आईकडे सोडल्यावर मी घरी न जाता समोरच्या चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. हातात वही होती. दुकानदाराने दोनदा विचारले, नंबर तपासायचा आहे का. मी नाही म्हणालो. लाँड्रीच्या काचेवर वाफ धरलेली होती, तरी आतले बऱ्यापैकी दिसत होते. मुलगी धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यावर भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिने दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून धरले होते. थोड्या वेळाने डागवाली मावशी तिच्याजवळ गेली, तिचा एक हात कानावरून हळूच काढला आणि स्वतः तिच्या कानाशी वाकली. मुलीने डोळे मिटून घेतले. मी वेळ लिहिली, अकरा वाजून चाळीस मिनिटे. अर्जात शब्द वापरले ते असे : ‘मुलगी कान झाकून बसलेली आढळली, यावरून तेथील भाषेचा दर्जा लक्षात यावा. सदर स्त्री मुलीच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती व मुलीला ते ऐकवत नसल्याने तिने डोळे मिटले.’ या दोन वाक्यांवर आपण ३ मार्चचे निर्देश दिले. मी त्या दिवशी ते खरे समजूनच लिहिले होते. त्याने काही हलके होत नाही.

८. आपण मुलीच्या आईकडून लेखी उत्तर मागवले होते. ते आले नाही. ती फक्त आपल्या टेबलाशी आली आणि तोंडी एवढेच म्हणाली, असे आपल्या नोंदीत आहे : “तिला संगतीचं काही विचारू नका. ती नीट जेवते का, तेवढं विचारा.” मी ही नोंद वाचून टिप्पणी केली होती की उत्तर विषयाला सोडून आहे.

९. त्यानंतर काचेच्या खोलीत ८ मार्च, २२ मार्च आणि १२ एप्रिल अशा तीन भेटी झाल्या. मी बाहेर बाकावर बसत असे. १२ एप्रिलला एक वाजता आपल्या शिपायाने दार उघडले, मुलीला माझ्याकडे दिले आणि ती पाण्याच्या नळाशी गेल्यावर मला बाजूला घेऊन विचारले, “साहेब, रागावू नका. तुमची मुलगी मुकी आहे का?” मी भडकलो. त्यावर ते म्हणाले, “तीन वेळा बघतोय. आई समोर बसून रुमालाच्या घड्या घालते, मोडते, परत घालते. पोरगी टेबलाकडे बघत बसते. दोन तासांत एक शब्द नाही. मला वाटलं, असेल बिचारी मुकी.” दुसऱ्या दिवशी रविवार होता, सोमवारी मला रजा नव्हती, म्हणून मंगळवारी १५ तारखेला मी त्यांच्याविरुद्ध अर्ज दिला की सदर कर्मचारी भेटीच्या वेळी डोकावतो व अपमानास्पद प्रश्न विचारतो. तो माणूस त्या दिवशी माझ्या मुलीची काळजी करणारा एकटाच होता. कृपया तो अर्ज फाडून टाकावा. त्यांची माफी मी तोंडी मागितली आहे. त्यांनी “असू द्या” म्हणून मला बसायला जागा केली आणि मला तिथून पळून जावेसे वाटले.

१०. आता दि. २० एप्रिल. रविवारी मी मुलीचे दप्तर तपासतो. त्या दिवशी चित्रकलेच्या वहीत मला घडी घातलेले कागद सापडले. माझेच तक्ते होते; कोऱ्या प्रतींचा गठ्ठा माझ्या खणात असतो, त्यातले. एकूण सतरा. पहिल्यावर २६ एप्रिल आणि शेवटच्यावर २७ डिसेंबर अशी तारीख होती. वर्षअखेरपर्यंतचे सगळे दुसरे आणि चौथे शनिवार तिने भिंतीवरच्या कॅलेंडरातून काढले होते, एकही चुकला नव्हता. प्रत्येकावर भेटलेल्या व्यक्ती : आई. नवीन शब्द : नाहीत. सवयी : नाहीत. शेरा : निरंक. सहीची जागा माझ्यासाठी कोरी सोडली होती. सगळे पेन्सिलीने लिहिलेले. एप्रिलच्या तक्त्यात टोक अणकुचीदार होते, जुलैपर्यंत ते बोथट झाले, ऑगस्टच्या पहिल्या तक्त्यात पुन्हा टोक काढलेले, आणि डिसेंबरात पुन्हा अक्षर जाड. हे मी पाहिले कारण मला तेच पाहायची सवय आहे. सतरा तक्ते एका बैठकीत भरले होते.

११. मी तिला स्टुलावर बसवले नाही. मीच खाली बसलो आणि हे काय आहे म्हणून विचारले. तिचे उत्तर मी जसेच्या तसे देत आहे, कारण या प्रकरणात मुलीचे म्हणणे म्हणून आजवर जे काही सादर झाले ते माझे होते.

“तुम्ही दमून येता ना बाबा. मग दर वेळी लिहायचं कशाला? निरंकच येणार आहे.”

निरंकच येणार हे तुला कसे माहीत, असे मी विचारले.

“मी तिकडं कुणाशी बोलतच नाही. आधी बोलले की सगळं लिहायला लागायचं, आणि तुम्ही गप्प व्हायचात. मग मी कान झाकायला लागले. कानात काही गेलंच नाही तर सांगायला काही उरत नाही.”

मी आईबद्दल विचारले.

“आईला मी सांगितलंय, सध्या माझ्याशी काही बोलू नकोस. नंतर बोलू.”

नंतर म्हणजे कधी, असे मी विचारले. माझ्यावर उपकार करावेत तशा समजुतीच्या सुरात ती म्हणाली, “मी मोठी झाल्यावर. तेव्हा तक्ता नसेल ना?”

१२. महोदया, नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या मुख्य तपासनिसांनी मला एक गोष्ट शिकवली होती. एका शाखेकडून लागोपाठ तीन-चार आठवडे निरंक तक्ता आला तर खूश व्हायचे नाही, तडक तिकडे जायचे. काचेचा माल इतका सुखरूप येत नाही. याचा अर्थ पेट्या कोणी उघडलेल्याच नाहीत, माणसाने खुर्चीत बसून तक्ते भरले आहेत. या एका युक्तीवर मी सतरा वर्षांत कितीतरी लबाड्या पकडल्या आणि शाबासकी मिळवली. माझ्या स्वतःच्या घरात जानेवारी ते एप्रिल सहा वेळा लागोपाठ निरंक आले. मी सहाही वेळा खूश झालो. त्यातल्या तीन तक्त्यांच्या प्रती काढून आपल्याकडे पुरावा म्हणून दिल्या. दुसऱ्या कोणी असे केले असते तर मी त्याच्या पगारवाढीवर शेरा मारला असता.

१३. २६ एप्रिलच्या भेटीपूर्वी मी मुलीला सांगितले की तक्ता बंद झाला, आता काही विचारणार नाही. ती “बरं” म्हणाली. भेटीत बोलली की नाही ते मला ठाऊक नाही. मी शिपायांनाही विचारले नाही. घरी आल्यावर ती आपणहून स्टुलावर जाऊन बसली, दप्तर खाली ठेवले आणि हात मांडीवर घेऊन माझ्याकडे पाहू लागली. मी स्टूल उचलून गच्चीत नेऊन ठेवले. परत आलो तर ती जिथे स्टूल असायचे तिथे बूट घालून उभी होती. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारले. मी बाहेर आलो तेव्हा तिने बूट काढले होते.

१४. दि. २ मे रोजी मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन लाँड्रीत गेलो. डागवाल्या मावशीची माफी मागायची होती. काय बोलायचे ते मी घरून कागदावर लिहून नेले होते. मुलीची आई कपडे पोचवायला बाहेर गेली होती. मावशी गल्ल्यामागच्या टेबलावर एका पांढऱ्या सदऱ्याची बाही पालथी घालून ब्रशने थोपटत होत्या. मला पाहून त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, “बुडबुड्याचे बाबा ना तुम्ही? नाक तेच आहे. अहो, कान कसा आहे तिचा?”

मला काही उमगेना. त्याच पुढे म्हणाल्या, “किती दिवस झाले, येतच नाही. तिची आई म्हणते, शाळेचा अभ्यास वाढलाय. शेवटी आली तेव्हा कान धरून बसायची पोर. विचारलं तर बोलायची नाही, एवढा ठणका असणार. मी आपली रुमालावर इस्त्री फिरवायची, चौपदरी घडी करायची आणि कानाला लावून शेकत बसायची. डोळे मिटून घ्यायची बिचारी, बरं वाटायचं तिला. डॉक्टरला दाखवलंत ना?”

मी २२ फेब्रुवारीला अकरा चाळीसला जे पाहिले ते हे होते. सादर केलेला पुरावा हाच.

मावशींना माझ्या तक्रारीचा पत्ताच नाही. चार महिने त्यांच्या नावाची बदनामी आपल्या फायलीत पडून आहे आणि मुलीच्या आईने त्यांना त्यातले अवाक्षर कळू दिलेले नाही. ज्या बाईविषयी मी लिहिले की तिला मुलीच्या संगोपनाचे भान नाही, तिने माझी अब्रू त्या दुकानात झाकून ठेवली. माझ्या खिशातला कागद खिशातच राहिला. कान बरा आहे, डॉक्टरांना दाखवले आहे, असे मी मावशींना सांगितले. म्हणजे माफी मागायला गेलो आणि आणखी एक खोटे बोलून आलो. ते आपल्याजवळ कबूल करतो. निघताना त्यांनी माझ्याकडे एक इस्त्रीचा रुमाल दिला, “लागला तर” म्हणून.

१५. वरील सर्व परिस्थिती पाहता विनंती अशी की :

(अ) संदर्भ क्र. १, २ व ४ येथील माझे तिन्ही अर्ज खोटे, अर्धवट अथवा मत्सरातून केलेले समजून निकाली काढावेत. ‘गैरसमजातून’ असा सौम्य शब्द वापरू नये.

(आ) दि. ३ मार्चचे निर्देश १२ मेची वाट न पाहता मागे घ्यावेत व मुलीला पूर्वीप्रमाणे शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ आईकडे जाऊ द्यावे. तिला दुकानात बसण्यास, कपड्यांच्या गाठोड्यांवर चढण्यास, मावशींशी बोलण्यास आणि शीळ घालण्यास मनाई नसावी.

(इ) पूर्वीच्या अर्जात ‘मुलीवर अनिष्ट प्रभाव टाकणाऱ्या व्यक्ती’ या मथळ्याखाली मावशींचा उल्लेख आहे. तो खोडून तेथे माझे पद लिहावे. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. मुलगी तक्ते भरायला, शेरा मारायला आणि आपल्या माणसांपासून कान झाकून घ्यायला ज्याच्याकडून शिकली तो मीच आहे.

(ई) मुलगी रविवारी परत आल्यावर पहिला एक तास मी तिला कोणताही प्रश्न विचारू नये, असा लेखी आदेश आपल्या सहीशिक्क्यानिशी मला द्यावा. अशी तरतूद नियमात नसल्याचे आपल्या लिपिकांनी मला सांगितले आहे. तरीही द्यावा. मी नुसत्या निश्चयावर टिकणारा माणूस नाही, पण शिक्का असलेला कागद मी आजवर कधी मोडलेला नाही. तो मी बोळात, स्टुलाच्या जागी लावीन.

(उ) या अर्जामुळे मुलगी माझ्याकडे राहावी की नाही, असा प्रश्न आपल्यापुढे उभा राहिल्यास तो माझ्याकडे न पाहता सोडवावा. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडले होते. तिसऱ्यांदा तसेच ठेवले आहे.

(ऊ) मुलीच्या आईला ती जेवते का, एवढेच विचारायचे होते. त्याचे उत्तर अजून फाईलवर गेलेले नाही, ते आता देतो. फेब्रुवारीपासून ती अर्धी पोळी ठेवून उठते. मी त्याची नोंद केली नव्हती, कारण तक्त्यात तसा रकाना नव्हता.

१६. शेवटी एक बाब, जी विषयाशी संबंधित आहे की नाही हे आपणच ठरवावे. काल रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी या अर्जाचा कच्चा खर्डा लिहीत होतो. (ई)पाशी माझा हात कपाला लागला आणि चहा शर्टाच्या बाहीवर सांडला. आज आपल्या कार्यालयात घालून यायचा तोच शर्ट होता. मी घाईने फडक्याने खसाखसा पुसू लागलो. मुलगी समोर बसून गणिते सोडवत होती. दोन महिन्यांत आपणहून ती माझ्याशी कामापुरते सोडून काही बोलली नव्हती. ती उठली, माझा हात धरून थांबवला आणि म्हणाली, “घासू नका बाबा. घासलं की आत जातो. आधी गार पाणी, मग दाबून धरायचं. आणि धीर धरायचा.” मग तिने माझी बाही नळाखाली धरली, कपाटातून तो इस्त्रीचा रुमाल आणला, त्याची चौपदरी घडी केली आणि वर दाबून धरून उभी राहिली. धरून धरून कंटाळली तेव्हा हळू आवाजात शीळ घालू लागली. ती सूर सोडून होती.

हे तिला कोणी शिकवले, ते मी विचारले नाही.

आपला नम्र
(पूर्वीच्या अर्जांत हा शब्द मी केवळ रिवाज म्हणून लिहिला होता),

सही/-
माल तपासनीस, आवक विभाग
(मुलीचे वडील)

दि. ५ मे

सोबत जोडले आहे :
१) दि. २६ एप्रिल ते २७ डिसेंबरचे आगाऊ भरलेले सतरा तक्ते, मूळ प्रती. तपासणाऱ्याची सही केलेली नाही.
२) ४१ नोंदींची यादी, प्रत्येक नोंदीसमोर ती खरोखर कोणाची होती ते लाल शाईत लिहून.
३) मावशींना वाचून दाखवायचा राहिलेला माफीचा कागद. हा परत मिळावा. तो घेऊन मला पुन्हा जायचे आहे.
४) कोऱ्या तक्त्यांचा उरलेला गठ्ठा. हा परत देऊ नये.